बिघाड शोधण्याची मजुरी कोण देणार?

मोटारीचा एखादा भाग कायमचा निकामी झाला तर कोणताही बरा मिस्त्री तो ओळखतो. सेल्फ जळला, नवा बसवला, गाडी उठली, पैसे दिले, हिशेब मिटला. पंचाईत होते ती येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची. सकाळी दारात गाडी उठत नाही. दुपारी ढकलत गॅरेजात नेली की पहिल्याच सेल्फला उठते. भर रस्त्यात इंजिन बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात चालू लागते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दोन दिवस जळतो, तिसऱ्या दिवशी आपोआप विझतो. मिस्त्री म्हणतो, "शेठ, आता तर सगळे ठीक आहे. पुन्हा झाले की घेऊन या." पुन्हा होते तेव्हा गाडी कसाऱ्याच्या घाटात असते आणि मिस्त्री आपल्या घरी.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे वाचक विचारतील. भिवंडी असो, मालेगाव असो, ज्याच्याकडे आठ-दहा माग आहेत त्याच्याकडेही आज एखादी गाडी असतेच. नमुन्याचे ताके घेऊन तीच मुळजी जेठा मार्केटला जाते, तीच वसुलीला फिरते. ती एक दिवस उभी राहिली की कोणाला तरी दिलेला शब्द मोडतो. दुसरी गोष्ट अशी की आपल्याच मोहल्ल्यांतील कितीतरी मुले गॅरेजात वायरिंगचे काम करून घर चालवतात. म्हणजे गिऱ्हाईकही आपणच आणि कारागीरही आपलेच. या दोघांच्या व्यवहारात एक खोट आहे, आणि तिच्यामुळे दोघांचेही नुकसान होते असे आमचे मत आहे. आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. त्यामुळे आपल्याला पार्ट मिळतात, शोध मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यातील एक उदाहरण सांगतो. आमच्या पेढीशेजारी एक व्यापारी आहेत. त्यांची डिझेल गाडी कधी उठे, कधी नुसती कट्‌कट् करी. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. आठ दिवस बरे गेले. पुन्हा तेच झाले तेव्हा अल्टरनेटर बदलला. मग सेल्फ खोलून त्यात नवे कार्बन आणि बुश टाकले. तिन्ही बिले शेठजींनी एक शब्द न भांडता भरली. शेवटी कोणीतरी एका वयस्क वायरमनला बोलावले. त्याने येताना एक मीटर आणि एक वायर-ब्रश एवढेच आणले. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरली, दुसरी इंजिनच्या अंगावर, आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितले. मीटरने दीड व्होल्टच्या वर आकडा दाखवला. तेथे तो शून्याच्या जवळ, फार तर पाव व्होल्टच्या आत असायला हवा. मग त्याने एकेक टप्पा मोजला: खुंटी ते बॅटरीची तार, तार ते बॉडी, बॉडी ते इंजिन. इंजिनला बॉडीशी जोडणारी जी विणलेली अर्थिंगची पट्टी असते, तिच्या बोल्टाखाली गंज निघाला. पट्टी सोडवली, जागा चकाकेपर्यंत घासली, पुन्हा आवळली, वरून व्हॅसलीन लावले. चाळीस मिनिटांचे काम. त्याने तीनशे रुपये मागितले. शेठजी म्हणाले, "तीनशे कशाचे? तू बदललेस काय? एक बोल्ट तर घासलास!" आणि दोनशे हातावर ठेवले.

हे आम्ही स्वतः तेथे उभे राहून ऐकले. त्या वायरमनने पैसे खिशात घातले आणि गेला. त्याचा शागिर्द बरोबर होता. त्या पोराने त्या दिवशी धंद्याचा कोणता सबक घेतला असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

असा बिघाड लपतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे, नाही तर वायरमनचे काम आपल्याला नुसते घासणे वाटते. सेल्फ मारताना दीडशे अँपिअरच्या घरात विजेचा प्रवाह लागतो, डिझेल गाडीला त्याहूनही जास्त. वाटेतल्या एखाद्या जोडात ओहमचा फक्त शंभरावा हिस्सा एवढा जरी अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. बाराच्या जागी साडेदहा उरतात. खुद्द बॅटरीही त्या क्षणी थोडी बसते, म्हणून सेल्फच्या वाट्याला त्याहून कमी येते. उलट, हेडलाइटच्या दिव्याला चार-साडेचार अँपिअर पुरतात. त्याच जोडातून जाताना त्याचा व्होल्टचा विसावा हिस्साही जात नाही. म्हणून दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, आणि मालक शपथेवर सांगतो की करंट तर बरोबर आहे, सेल्फच गेला असणार. साध्या मीटरने त्या तारेचा अडथळा मोजला तरी शून्यच दिसेल. वीस धाग्यांच्या तारेतला एक धागा शाबूत असला तरी मीटर तिला चांगली म्हणते. तार चांगली की वाईट हे तिच्यावर ओझे टाकल्यावरच कळते. आपण तरी एक धागा ओढून कापडाची मजबुती कोठे ठरवतो?

अर्थिंगचा दोष ओळखण्याची एक खूण गिऱ्हाईकानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा हेडलाइट लावताच तापमानाचा काटा वर सरकतो, असे दिसले तर बहुधा त्या दिव्याचा किंवा त्या मीटरचा दोष नसतो. विजेची परत जाण्याची वाट कोठेतरी बंद झालेली असते आणि ती शेजारच्या दिव्यातून वाट काढत असते. पुढची गल्ली खोदून ठेवली की गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून येते, त्यातलाच हा प्रकार.

आता कापडाच्या धंद्यातली एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. ताक्यात मधूनमधून दोष येऊ लागला तर जाणता जॉबर लगेच पान्हा उचलत नाही. तो ताका टेबलावर पसरतो आणि एका दोषापासून दुसऱ्या दोषापर्यंतचे अंतर पट्टीने मोजतो. अंतर दर वेळी सारखेच निघाले आणि ते एखाद्या रोलरच्या घेराएवढे असले, तर गुन्हेगार तो रोलर. कांडी बदलली की तेथेच दोष येत असेल तर रोलर निर्दोष, कांडीकडे पाहायचे. म्हणजे दोष केव्हा येतो, हेच दोषाचे नाव सांगते. मोटारीचेही तंतोतंत तसेच आहे, फक्त ताका पसरून ठेवता येत नाही. तो लिहून ठेवावा लागतो.

म्हणून आमची पहिली सूचना गिऱ्हाईकाला आहे. गाडीत चार आण्याची वही ठेवावी (आता चार आण्याला ती मिळत नाही, पण बोलण्याची सवय जात नाही). गाडी बंद पडली की तारीख, वेळ, इंजिन गार होते की गरम, पाऊस होता काय, रस्ता खडबडीत होता काय, वळण होते काय, एसी, वायपर, दिवे यांपैकी काय चालू होते, टाकीत तेल किती होते, सीएनजीवर होती की पेट्रोलवर, पुन्हा किती मिनिटांनी उठली, एवढे टिपून ठेवावे. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो. फक्त डावीकडे वळतानाच बंद पडते, तर कोठेतरी तार ताणली जाते आहे. सीएनजीवरच अडखळते, तर किट बसवताना केलेले जोड प्रथम पाहावेत. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास देते, तर कपलरमध्ये पाणी शिरते आहे. उन्हात तासभर उभी राहिल्यावर उठत नाही आणि काचा उघड्या ठेवून गार झाली की उठते, तर रिले पाहावा. होंडा कंपनीच्या १९८० आणि १९९० च्या दशकांतील सिव्हिक व अकॉर्ड गाड्यांत हे दुखणे जगभर प्रसिद्ध होते. मुख्य रिलेच्या आतील झाळणाला केसाएवढ्या भेगा पडत. तापले की जोड सुटे, पेट्रोलपंपाची वीज तुटे, थंड झाले की पुन्हा जुळे. ज्याला ठाऊक होते तो रिले उघडून चार थेंब झाळण टाकी. ज्याला ठाऊक नव्हते तो पंप बदली.

दुसरी सूचना अशी की गाडीला त्रास होताच बॅटरीची तार काढून पुन्हा लावण्याची जी खोड सर्वत्र आहे ती सोडावी. तार काढली की गाडीच्या कॉम्प्युटरने टिपून ठेवलेले बरेच काही पुसले जाते. चोर पळून गेल्यावर आपणच त्याच्या पावलांवर झाडू मारण्यासारखे ते आहे. नव्या गाड्यांत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर लावला तर कोणत्या सर्किटने तक्रार केली, आणि त्या क्षणी इंजिनचे तापमान, फेरे, वेग किती होता, हेही पुष्कळदा वाचता येते.

मात्र या स्कॅनरचेही एक खूळ माजले आहे, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्कॅनर पार्टचे नाव सांगत नाही, सर्किटचे सांगतो. पी ०३४० असा आकडा आला तर त्याचा अर्थ कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढाच. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तारा, कपलर, त्याला येणारी वीज, त्याची अर्थिंग आणि शेवटी कॉम्प्युटर. यांतला सेन्सर बदलणे सर्वांत सोपे आणि त्यावर दुकानदाराचे कमिशनही सुटते, म्हणून तोच बदलला जातो. फिर्याद कोणी नोंदवली ते कळले. गुन्हेगार कोण, याचा तपास पुढे आहे.

हा तपास कसा होतो? पद्धत एकच: बिघाड आपणहून येण्याची वाट न पाहता त्याला बोलवायचे. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताहाताने हलवत जायचे आणि कोठे इंजिन अडखळते ते पाहायचे. पावसाळी दुखणे असेल तर फवारणीच्या बाटलीने एका वेळी एकाच जागी पाणी मारायचे. गरमीचे असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने रिले किंवा सेन्सर तापवायचा. रिलेचा संशय असेल तर त्याच पेटीतला तसाच दुसरा रिले, हॉर्नचा म्हणा, त्या जागी लावून पाहायचा. यात पैसा लागत नाही. दरवाजाच्या बिजागरीजवळ जी रबरी नळी असते, तिच्यातल्या तारा दिवसातून पन्नास वेळा वाकतात आणि आतल्या आत तुटतात. वरचे आवरण मात्र साबूत दिसते. काचा किंवा सेंट्रल लॉक कधी चालतात, कधी नाही, त्याचे मूळ पुष्कळदा तेथे सापडते. कपलर काढून त्यातली पिन नुसती पाहून भागत नाही. तिची पकड ढिली झाली आहे काय, हे तशीच दुसरी पिन घालून बोटांना जाणवते. हिरवट गंज आला असेल तर तो तारेच्या आत किती दूर गेला, हे आवरण सोलून पाहावे लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या मोटारी आठवतात. वरून धुऊन-पुसून विकलेल्या अशा गाड्यांच्या तारा नंतर सावकाश आतून सडत राहतात, आणि स्वस्तात मिळाली म्हणून घेणारा मग सेन्सरांची बिले भरत बसतो.

आणि आपण स्वतः गाडीत जे घुसडतो त्याचे काय? मोठा हॉर्न, फॉगलाइट, टेप, कॅमेरा, जीपीएस. दोन तारा सोलल्या, पिळल्या, काळी टेप गुंडाळली. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात आत पाणी जाते. वाढीव वस्तूंचे हे जोड प्रथम तपासावेत. तेथेच पुष्कळ काही निघते. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तरी हेच. सर्व बंद करून, दारे लावून, गाडीतील कॉम्प्युटर झोपेपर्यंत अर्धा-एक तास थांबल्यावर साधारण पन्नास मिलिअँपिअरच्या आत खर्च असावा. एखादे भिकार यंत्र अर्धा अँपिअर खात असेल तर ४५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. ईदच्या सुट्टीनंतर गाडी उठली नाही तर बॅटरीवाल्याला शिव्या देण्यापूर्वी हे मोजावे. बाकी, फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणारा मिस्त्री दिसला तर गाडी तेथून काढावी. फ्यूज वाचतो, मग तार तापते आणि गाडी पेटते.

असे बिघाड किरकोळ समजण्याची किंमत केवढी होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या शेवरले कोबाल्ट वगैरे गाड्यांत किल्लीचा स्विच ढिला होता. किल्लीच्या जुडग्याचे ओझे पडले किंवा गाडीला हादरा बसला की चालत्या गाडीत किल्ली मागे सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगचीही वीज जाई. तक्रारी २००५ च्या सुमारासच येऊ लागल्या होत्या. गाडी पुन्हा चालू होते, म्हणून कंपनीत ती केवळ गिऱ्हाईकाच्या गैरसोयीची बाब मानली गेली. २००६ मध्ये स्विचच्या आतला भाग बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे नंतर तपासणाऱ्यांना जुन्या-नव्या गाड्यांतला फरकच उमगेना. शेवटी एका अपघाताच्या दाव्यात वकिलांनी लावलेल्या एका इंजिनिअरने अपघाताच्या गाडीतील स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून मोजले. आतल्या स्प्रिंगच्या खिट्टीच्या लांबीत दीडएक मिलिमीटरचा फरक निघाला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या गेल्या. भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीला ९० कोटी डॉलर सरकारला भरावे लागले. स्विच किरकोळ किमतीचा होता. तो शोधणाऱ्याने काही बदलले नाही, फक्त मोजले. आपल्या शेजारच्या शेठजींनी त्यालाही विचारले असते, तू बदललेस काय?

म्हणून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात गाडी नेली आणि त्यांनी "दोष आढळला नाही" असे सांगितले, तरी तक्रार जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत मागून घ्यावी. चालत्या गाडीत इंजिन बंद पडते, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. वॉरंटीची मुदत संपल्यावर भांडायची वेळ आली, ग्राहक आयोगापर्यंत गेली, तर तोंडी बोललेले कोण मानणार?

आता मजुरीचा मूळ मुद्दा. परदेशांत गॅरेजवाले बिघाड शोधण्याचे पैसे तासावर वेगळे लावतात. पार्ट लागो न लागो. आपल्याकडे वायरमनने तीन तास डोके घालून एक पिन दाबली, तर त्याला चहापाणी मिळते. त्याने एक तासात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना कॉम्प्युटर आणून बसवला, तर हजारो मिळतात. मग हुशार पोरगा काय करील? मीटर विकत घेऊन शिकत बसेल, की पार्टच्या दुकानदाराशी दोस्ती करील? आमच्या ओळखीची काही मुले अजून टेस्ट लॅम्पवरच काम करतात. जुन्या फियाट-अँबेसडरला तो पुरत असे. आजच्या गाडीत कॉम्प्युटरच्या तारेवर तो दिवा लावला तर नसलेला बिघाड निर्माण होऊ शकतो. चांगले मीटर, स्कॅनर, गाडीच्या वायरिंगचा नकाशा, आयटीआयमधला अभ्यासक्रम, या सर्वांना पैसा आणि वेळ लागतो. तो गिऱ्हाईकाकडून आला नाही तर कोठून येणार?

यावर व्यापारी बांधवांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. तासावर पैसे द्यायचे म्हटले तर मिस्त्री चार तास बिडी ओढत बसेल. हा आक्षेप अगदी खोटा नाही. पण आपण जॉबरला, मेहत्याला, रंगाऱ्याला काम देतो तेव्हा आधी बोली करतोच ना? येथेही करावी. दोन तासांची मजुरी आधी ठरवावी आणि त्यापुढे विचारल्याशिवाय हात लावू नये असे बजावावे. कोणताही पार्ट बदलण्यापूर्वी तोच का, ते मोजून दाखवावे, एवढी अट घालावी. किती व्होल्ट आले आणि किती यायला हवे होते, हे त्याने बिलाच्या मागे लिहून द्यावे. काढलेला जुना पार्ट आपल्याला परत मिळावा. जो कारागीर या अटींना आनंदाने हो म्हणतो तो बहुधा आपल्या कामाचा जाणकार असतो.

आणि ठरलेल्या दोन तासांत काही सापडले नाही तर? तरीही ठरलेले पैसे द्यावेत. बॅटरी, तिच्या खुंट्या, अर्थिंग, अल्टरनेटर आणि मुख्य फ्यूज यांना त्या दोन तासांत निर्दोष ठरवले असेल, तर तेवढे काम झालेले आहे. तो कागद गाडीच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा आणि पुढच्या कारागिराच्या हातात गाडीच्या किल्लीआधी तो द्यावा.